पहिला धावणारा

मॅनेजरच्या खोलीबाहेर तीन खुर्च्या होत्या आणि ताई एव्हाना तिन्हींवर बसून झाली होती. एकीवर पंख्याचा वारा थेट मानेवर येत होता, दुसरीचा पाय डुगडुगत होता, आणि तिसरीवरून काचेच्या दारापलीकडचा मॅनेजर फोनवर हसताना दिसत होता. दुसऱ्याला हसताना बघत ताटकळत बसणं तिला जमेना, तेव्हा ती उठून खिडकीशी गेली. खाली मैदानाला पाणी मारणं चालू होतं. कृत्रिम गवतावर फवारे आळीपाळीने फिरत होते. एक फेरी पूर्ण होईपर्यंत इथेच उभं राहायचं, असं तिने ठरवलं आणि फेरी अर्धी असतानाच वळली.

नोंदणी आज संध्याकाळी सहाला बंद होणार होती. त्याआधी सही झालेला करार लीगच्या कार्यालयात पोचला नाही, तर खेळाडू वर्षभर घरी. बत्तीस वर्षांचा बचावपटू वर्षभर घरी बसला की पुन्हा त्याला कुणी बोलावत नाही.

ताई कुणाची सख्खी बहीण नव्हती. ती हॉकीपटूंची एजंट होती. त्यांच्या वतीने क्लबांशी घासाघीस करायची, करार वाचायचे, दुखापत झाली की डॉक्टर शोधायचा, आणि लग्नाची तारीख सामन्याच्या दिवशी आली तर दोन्हीकडच्या मंडळींना समजवायलाही जायचं. विमा कंपनीत उमेदीची वर्षं काढून ती या धंद्यात आली होती. आज ती ज्याच्यासाठी आली होती तो तिचा सर्वांत जुना खेळाडू. एका समालोचकाने त्याला कधीतरी 'कुलूप' म्हटलं होतं, आणि ते नाव इतकं चिकटलं की त्याची आईसुद्धा फोनवर विचारायची, "कुलूप घरी आहे का गं?"

कुलूप आत्ता खाली व्यायामशाळेत होता. खेळाडूला वाटाघाटीच्या खोलीत आणायचं नाही, हा ताईचा नियम. खेळाडू आत आला की पाच मिनिटांत म्हणतो, "मला काय, खेळायला मिळालं की झालं," आणि समोरचा ते लगेच धरून ठेवतो.

पण या वेळी त्याला खाली ठेवण्याचं कारण वेगळं होतं.

मंगळवारी सराव संपल्यावर तो तिच्या गाडीत येऊन बसला होता. दार लावून घेतलं, बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"ताई, करारात एक गोष्ट हवी आहे. म्हणजे लिहायची नाही, पण असायला हवी."

"कोडी नको घालूस."

"कॉर्नरला मला पुढे धावायचं नाही."

पेनल्टी कॉर्नरला गोलकीपर धरून पाच जण गोलमध्ये उभे असतात. समोरच्या संघातला एक जण गोलच्या बाजूने चेंडू बाहेर ढकलतो, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाशी तो अडवला जातो, आणि फ्लिकर तो काठीवर ओढून गोलकडे भिरकावतो. चेंडू बाहेर ढकलला गेला की त्या पाचांतला एक सुटतो आणि सरळ फ्लिकरच्या अंगावर धावून जातो. चेंडू सुटतो तेव्हा दोघांत जेमतेम एका खोलीइतकं अंतर असतं, आणि चेंडू दगडासारखा असतो. या माणसाला पहिला धावणारा म्हणतात. गेली आठ वर्षं तो मान कुलपाचा होता. दीड वर्षापूर्वी असाच एक चेंडू मास्क फोडून त्याच्या गालात घुसला होता. गालात आता धातूची पट्टी होती.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"दुखत नाही. डोळे मिटतात."

"कधी?"

"तो चेंडू ओढायला खाली वाकतो ना, तिथपर्यंत सगळं दिसतं. त्याचे बूट, काठीवरची टेपसुद्धा. मग काहीच नाही. मग आवाज येतो."

"बायकोला सांगितलंस?"

"तिला सांगितलंय की मी धावणं सोडलं. गाल फुटल्यापासून ती सामने बघत नाही, त्यामुळे खपून जातं."

त्या रात्री ताईने जुन्या सामन्यांच्या चित्रफिती सावकाश फिरवून पाहिल्या. तो खोटं बोलत नव्हता. शेवटच्या क्षणी त्याचा खांदा आक्रसायचा आणि तो अर्धं पाऊल उजवीकडे सरकायचा. धावणाऱ्याने डावी बाजू बंद करायची आणि गोलकीपरने उजवी सांभाळायची, असा त्यांचा ठराव होता. कुलूप सरकला की डावी बाजू उघडी पडायची. दुरून बघणाऱ्याला मात्र गोलकीपर झोपला असं वाटायचं. एका गोलापाशी ती थोडा वेळ थांबली, मग पुढे गेली.

करारात 'हा खेळाडू धावणार नाही' असं लिहिता येत नव्हतं. लीगच्या कार्यालयात गेलेला कागद म्हणजे चव्हाट्यावर लावलेला कागद. चार दिवसांत सगळे विचारतील, का नाही धावणार? घाबरतो अशी नुसती कुजबुज झाली तरी बचावपटू संपला. झाकली मूठ झाकलेलीच राहायला हवी होती, आणि तरीही तो त्या चेंडूसमोर पुन्हा जायला नको होता. डोळे मिटून धावणारा माणूस मान फिरवत नाही. पुढचा चेंडू गालावरच थांबेल असं कुणी सांगावं?

यावर ताईकडे एक उपाय होता. खेळाडू त्याला 'ताईची हूल' म्हणायचे. मोठ्याने एक अशक्य मागणी करायची, समोरच्याला ती नाकारू द्यायची, आणि त्या नकारातून आपल्याला हवं ते हळूच उचलायचं. बिनचूक चालायचं.

"या मॅडम, या," मॅनेजरने दार उघडलं. "बराच वेळ बसलात का?"

"बसले कुठे?" ताई म्हणाली.

आत मास्तरही होते. संघाचे प्रशिक्षक. पूर्वी शाळेत खेळ शिकवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि अजूनही शिट्टी त्यांच्या गळ्यात असायची, झोपतानाही असते अशी वदंता होती. मॅनेजर हा हिशेबी माणूस. पाहुण्याला चहा विचारतानाही तो "चहा घेणार नाही ना?" असं विचारायचा.

"चहा घेणार नाही ना?"

"नाही. तीन वर्षं."

"दोन," मॅनेजर म्हणाला. "मॅडम, वय बघा. जुनं झालंय तुमचं कुलूप."

"जुनंच घट्ट बसतं."

"गंजतंही."

मास्तर हसले. ताईही थोडी हसली, कारण इथवर सगळं रुळावर होतं. तिने खुर्ची पुढे ओढली. "बरं, वर्षांचं नंतर बघू. एक वेगळं कलम हवंय. कॉर्नरचा पहिला धावणारा असा करारात त्याचा स्पष्ट उल्लेख. त्यासाठी वेगळं मानधन. डोळ्यांचा, जबड्याचा, दातांचा स्वतंत्र विमा, हप्ता क्लबने भरायचा. आणि मास्क त्याच्या चेहऱ्याचं माप घेऊन बनवलेला, बाजारातला नाही."

गालात धातू असलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा विमा काय भावाने पडतो हे तिला ठाऊक होतं. मॅनेजर आता म्हणणार, एवढ्याला धावतोय कोण, उभा राहू दे गोलरेषेवर. मग ती रागावणार, हुज्जत घालणार, आणि शेवटी नाइलाजाने एक ओळ मान्य करणार: कॉर्नरच्या वेळी खेळाडू गोलरेषेवर उभा राहील. हरल्यासारखी दिसणारी ओळ. तेवढ्यासाठीच ती आली होती.

"मॅडम!" मॅनेजर मागे रेलला. "नाकापेक्षा मोती जड झाला हा. एवढ्या सगळ्यापेक्षा त्याने ना, सरळ—"

"थांबा," मास्तर म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी बोलणं तिच्या आराखड्यात नव्हतं.

"साहेब, तुम्ही वर बसता. मी खाली बाकावर असतो," मास्तर म्हणाले. "गाल फुटला तेव्हा त्याचं रक्त माझ्या शर्टावर होतं. पट्टी बसवून परत आला आणि पहिल्याच कॉर्नरला आपणहून पुढे झाला. मी सांगितलंही नव्हतं. पोरं अजून ते एकमेकांना सांगतात. त्याच्या जागी दुसरा धावायचा असेल, तर दुसरा मास्तर शोधा. द्या तिला, काय मागतेय ते."

मॅनेजर पेनाच्या टोपणाने हनुवटी खाजवत होता.

"मास्क मापाचा म्हणालात?"

"हप्ता फार जाईल, साहेब," ताई घाईने म्हणाली.

"ते असू दे. कपाळावर जागा किती मिळते हो त्या मास्कवर?" त्याने हाताने आपलं कपाळ मोजलं. "गेल्या महिन्यात ते कुलपांच्या कंपनीवाले आले होते. त्यांना काहीतरी वेगळं हवं होतं. कुलपाच्या कपाळावर कुलूप! हप्ता तेच भरतील. वर पाय धुतील आपले."

"पण त्याचं वय—"

"आत्ताच म्हणालात ना, जुनंच घट्ट बसतं?" मॅनेजर आनंदाने टेबलावर पुढे झुकला. "दिलं. तीन वर्षं दिली. फक्त एक अट. प्रत्येक कॉर्नरला तोच धावला पाहिजे. मास्क दिसला पाहिजे लोकांना."

चार वेगवेगळी वाक्यं ताईच्या मनात आली. चारही पुढच्या एकाच प्रश्नाशी जाऊन थांबत होती: का नको? स्वतःच मागितलेली गोष्ट मिळाल्यावर ती नको का, याचं उत्तर खरं सांगितल्याशिवाय देता येत नव्हतं.

"मग पाठवतो छापायला," मॅनेजर म्हणाला. "आणि विम्याला नॉमिनी लागेल. वहिनींना बोलवून घ्या सहीला. अरे, मॅडमना चहा सांगा रे कुणीतरी!"

व्यायामशाळेत कुलूप सायकल चालवत होता. ताई दारातून आत येईपर्यंत त्याने तिचा चेहरा वाचला आणि पाय थांबवले.

"नाही म्हणाले?"

"हो म्हणाले." तिने सगळं सांगितलं, न थांबता, जसं घडलं तसं. सांगताना ती वजनांच्या रांगेपाशी येरझाऱ्या घालत होती.

तो मान खाली घालून हसायला लागला. "म्हणजे हूल तूच खाल्लीस."

"दात काढू नकोस. मी वर जाते आणि सांगते की माझी चूक झाली."

"काय चूक झाली? जास्त मिळालं, ही?"

"सांगेन काहीतरी."

"आणि साहेब विचारेल, का. आणि मास्तर माझ्याकडे बघतील." त्याने टॉवेल गळ्यात टाकला. "राहू दे, ताई. सही करतो. तीन वर्षं आहेत. लेक शाळेत स्थिर होईल. कॉर्नर काय, सामन्याला चार नाहीतर पाच. निभावतो."

"डोळे मिटून?"

"आत्तापर्यंत निभावलंच ना?"

"निभावलं नाहीस. मी बघितलंय."

त्याचा चेहरा बदलला. "काय बघितलंस?"

"अर्धं पाऊल. प्रत्येक वेळी."

"तू माझी एजंट आहेस," तो हळू पण कडक आवाजात म्हणाला. "करार आणायचं काम तुझं होतं, तू आणलास. आता धावायचं काम माझं. यात तिसरं काही नाही."

ताईला यावर खूप काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात त्याची बायको आत आली. ती रक्तपेढीत तंत्रज्ञ होती आणि कामाच्या पांढऱ्या कोटावरच निघून आली होती.

"तासाभराची रजा टाकलीये," ती धापा टाकत म्हणाली. "कुठे सही करायची? आणि कशाची? फोनवर कुणीतरी नुसतंच 'अभिनंदन वहिनी' म्हणालं. मला वाटलं, याने कार-बिर जिंकली."

"विम्याची," कुलूप म्हणाला. "नेहमीचंच आहे. चल."

पायऱ्या चढताना ताई एक पायरी पुढे, एक पायरी मागे होत होती. बायकोला इथेच थांबवून सांगावं का? सांगितलं तर त्याचा विश्वास गेला. न सांगावं तर ही बाई काय वाचणार आहे वर? तिला वाटलं, अजून एखादा मजला असता तर काही सुचलं असतं. वर मॅनेजरने खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. ताईच्या आठवणीत पहिल्यांदाच तिचा खेळाडू वाटाघाटीच्या टेबलाशी बसला.

मॅनेजरने विम्याचं पान बायकोपुढे सरकवलं. "इथे आणि इथे. आहे ते आपलं छापील."

तिला न वाचता सही करायची सवय नव्हती. ती बोट ठेवून वाचत गेली. "एक डोळा. दोन्ही डोळे. वरचा जबडा, खालचा जबडा." तिने मान वर केली. "आमच्याकडे पिशव्यांवरसुद्धा माणसाचं असं सुटंसुटं लिहीत नाहीत. हे कशाचं आहे?"

"तुमचे मिस्टर कॉर्नरला धावतात ना, त्याचं," मॅनेजर म्हणाला.

"तो धावत नाही आता."

मास्तर हसले. "धावत नाही? वहिनी, गेल्या शनिवारीही तोच होता पुढे."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता.

"वहिनी, आपण जरा बाहेर जाऊन—" ताई उठली.

"बसा ताई." बायकोचा आवाज चढला नव्हता. "परवा मी याच्याकडे टीव्हीचा रिमोट फेकला. साधा रिमोट. याने डोळे मिटून हात पुढे केला आणि तो कपाटावर आपटला. लेक खदाखदा हसली. मी नाही हसले. मी म्हटलं, चला, निदान मैदानात आता याला कुणी काही फेकून मारत नाही." तिने पेनाचं टोपण काढलं. "करते मी सही. नॉमिनीच आहे ना, मला काय. फक्त एक सांग. तो चेंडू येतो तेव्हा तुला दिसतो?"

ताईचा हात आपोआप पुढे झाला होता, बोलणं थांबवायला. कुलपाने तो पाहिला आणि मान हलवली.

"ताई, नको," तो म्हणाला. मग बायकोला, "नाही दिसत."

"काय नाही दिसत?" मास्तरांनी विचारलं.

"चेंडू, मास्तर. तो वाकला की माझे डोळे मिटतात. गाल फुटल्यापासून."

मॅनेजरने एकदा मास्तरांकडे, एकदा कराराकडे पाहिलं. "म्हणजे मास्कचं काय?" असं तो म्हणाला.

मास्तर उठले होते. "उपांत्य सामना," ते म्हणाले. "बरोबरी होती. शेवटचा कॉर्नर."

"मिटलेले होते."

"डावीकडून गेला तो."

"हो."

"डावी बाजू तुझी होती."

"हो, मास्तर."

"मी गोलकीपरला काढलं त्या गोलावरून." मास्तरांनी हे फार हळू सांगितलं. "सगळ्यांसमोर म्हटलं त्याला, उभ्या उभ्या झोपतोस. तो म्हणत होता, बाजू उघडी होती, मास्तर, बाजू उघडी होती. तू शेजारी उभा होतास."

"होतो."

ताईला त्या चित्रफितीतला गोल आठवला, ज्यापाशी ती थांबली होती. तो तिने पाहिला होता. गोलकीपर तिचा खेळाडू नव्हता, म्हणून ती पुढे गेली होती.

मॅनेजर घड्याळ बघत होता. "मास्तर, मला सरळ सांगा. सव्वापाच होतायत. हा माणूस हवाय का नकोय?"

मास्तर भिंतीवरच्या संघाच्या फोटोकडे तोंड करून उभे राहिले. ताईने करार आपल्याकडे ओढला. या क्षणी काय मागावं म्हणजे काय मिळेल, असा हिशेब तिचं डोकं सवयीने मांडू लागलं, आणि आकडेच जुळेनात. मग तिने जे हवं होतं तेच मागितलं.

"एक वर्ष," ती म्हणाली. "वेगळं मानधन नाही, मास्क नाही. तो गोलरेषेवर उभा राहील आणि पुढे धावणार नाही, असं सरळ शब्दांत लिहा. चालू खेळात त्याच्यासारखा बचाव तुमच्याकडे दुसरा कुणी करत नाही. ते मास्तरांना माहीत आहे. आत्ता ते रागात आहेत तरी माहीत आहे."

"असं लिहिलं तर सगळ्या लीगला कळेल," मॅनेजर म्हणाला.

"कळू दे," कुलूप म्हणाला. "आणि जो धावेल त्याला आधी विचारा, चेंडू दिसतो का. मला कुणी विचारलं असतं, तर मी खोटंच बोललो असतो म्हणा. तरी विचारा."

मास्तर वळले. "आधी गोलकीपरला फोन कर," ते म्हणाले. "तुझा फोन झाला की मी सांगतो, हवा का नको."

कुलूप फोन घेऊन बाहेर गेला. ताई त्याच्या मागोमाग.

"ऐक. झालं ते सांग, पण 'माझ्यामुळे तुझं वाटोळं झालं' असलं काही तोंडातून काढू नकोस. उद्या त्याचा वकील—"

"ताई."

"बरं, निदान सुरुवात कशी करायची ते—"

"ताई, हे तुझं काम नाही गं." तो मार्गिकेच्या टोकाला गेला, जिथे अग्निशामक नळा टांगलेला होता, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बायको दाराला टेकून उभी होती. ताई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होती.

"तुम्हाला माहीत होतं?" बायकोने विचारलं.

"मंगळवारपासून."

"मला रिमोटपासून. म्हणजे तुम्ही पुढे." ती जरा थांबली. "मी सामने बघायचे सोडले ना, ते मीच माझे डोळे मिटले होते. त्याला एकट्याला काय बोलू?"

ताईची येरझार थांबली. एरवी प्रत्येक वाक्यावर तिच्याकडे वाक्य असायचं. मार्गिकेच्या टोकाकडून कुलपाचा आवाज तुटक येत होता. "ठेवू नकोस... नाही, ऐकून घे... हो, शेजारीच होतो." मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. आतून मॅनेजरने दोनदा काचेवर टकटक केलं.

तो परत आला तेव्हा त्याचा कान लाल झाला होता.

"काय म्हणाला?" दोघी एकदम म्हणाल्या.

"विचारलं, आत्ताच का सांगतोयस. मी म्हटलं, सही अडलीये."

"असं सांगितलंस?" ताईने कपाळावर हात मारून घेतला.

"तेच खरं होतं. मग शिव्या दिल्या. चांगल्या दिल्या. मग म्हणाला, मास्तरांना फोन दे. लाइनवर आहे अजून." त्याने फोन पुढे धरला, जणू तो गरम होता, आणि आत गेला.

मास्तरांनी फोन कानाला लावला आणि "बोल" एवढंच म्हणाले. त्यांची पाठ सगळ्यांकडे होती. नंतर ते फक्त "हो" म्हणत राहिले, वेगवेगळ्या अंतराने. शेवटी म्हणाले, "येशील का परत?" उत्तर लांबलचक नव्हतं. त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

"नाही म्हणाला," ते म्हणाले. मग मॅनेजरकडे न बघता, "छापा. एक वर्ष. बाई म्हणाल्या तसं."

छपाईयंत्राने पहिला कागद चावला. दुसरा नीट आला. कुलपाने सही केली, ताईने साक्षीदार म्हणून केली, बायकोला या वेळी काही सही करायची नव्हती, तरी तिने पान वरपासून खालपर्यंत वाचलं. करार लीगकडे गेला, आणि थोड्या वेळाने पोच आली. मॅनेजर कुलपांच्या कंपनीला फोन लावायला आतल्या खोलीत गेला. बायको रजा संपली म्हणून धावत निघून गेली. जाताना नवऱ्याच्या पाठीत तिने एक जोराचा गुद्दा घातला.

ताईचंही काम संपलं होतं. ती पिशवी खांद्याला लावून निघाली, आणि मार्गिकेच्या खिडकीशी पुन्हा थांबली. खाली सराव चालू झाला होता. मास्तरांनी कॉर्नर मांडला होता. पाच जण गोलमध्ये उभे होते, आणि कुलूप डाव्या खांबाशी, जिथे तो आठ वर्षांत कधी उभा राहिला नव्हता. मधोमध मास्क चढवलेला दुसराच कुणीतरी पुढे वाकला होता. कुलपाला इतक्या वर्षांत प्रथमच धावणाऱ्याची पाठ दिसत असणार.

मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावली. तेवढ्यात कुलूप खांब सोडून मध्ये गेला आणि त्या मास्कवाल्याशी काहीतरी बोलला. त्याने खांदे उडवले. कुलूप हलला नाही. पुन्हा काहीतरी विचारलं. मग त्या दुसऱ्याने मास्क कपाळावर सरकवला आणि तो बोलू लागला, हातवारे करत, बरंच. समोर फ्लिकर काठी टेकून कंटाळून उभा होता. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. शिट्टी त्यांच्या ओठांत तशीच होती, पण ते ती वाजवत नव्हते.